जडसंग्रहातील जुने संगणक आणि त्यांचा ई-लिलाव
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे जुने देऊळ आहे. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. या देवळापाशी एके काळी पासोड्या विकणारे बसत आणि त्यावरूनच देवाला हे नाव पडले, असे सांगतात. पासोड्यांचा व्यापार केव्हाच मागे पडला. पण व्यापार काही पेठेला सोडून गेला नाही. याच पेठेतील तपकीर गल्लीत आज विजेचे व इलेक्ट्रॉनिक सामान विकणाऱ्या दुकानांची दाटी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या प्रयोगांसाठी लागणारे सुटे भाग येथूनच नेले आहेत.

या गल्लीतील व्यवहाराची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे येणारे गिऱ्हाईक 'काही इलेक्ट्रॉनिक सामान द्या' असे म्हणत नाही. ते नंबर सांगते. ठरावीक कालांतराने ठोके देणारी आय. सी. हवी असेल तर 'पाचशे पंचावन्न', पाच व्होल्टचा दाब कायम राखणारा भाग हवा असेल तर 'अठ्ठ्याहत्तर शून्य पाच', लहानसा ट्रान्झिस्टर हवा असेल तर 'बीसी पाचशे सत्तेचाळीस'. नखाएवढ्या वस्तूवर छापलेल्या त्या आकड्यात तिची जात, तिचे गुण आणि तिची किंमत सामावलेली असते. आकडा पुसला गेला की वस्तू सुस्थितीत असूनही तिला गिऱ्हाईक मिळणे अवघड.

आता याच्या शेजारी एखाद्या कार्यालयाची किंवा शाळेची लिलाव-सूचना ठेवून पाहावी. 'जुने निरुपयोगी संगणक साहित्य, एकूण १४ नग, आहे तेथे व आहे त्या स्थितीत.' एवढाच मजकूर. संगणक कोणत्या कंपनीचा, कोणत्या वर्षाचा, त्याच्या पोटात काय आहे, सोबत कळफलक आहे की नाही, यांपैकी एकही गोष्ट नाही. शंभर रुपयांचा सुटा भाग विकताना गल्लीतला दुकानदार जी काळजी घेतो, ती सार्वजनिक पैशांतून खरेदी केलेल्या यंत्राच्या वाट्याला येत नाही. परिणामी सर्व नग एकाच मापाने, म्हणजे वजनकाट्याने, मोजले जातात आणि लोखंडाच्या भावाने निघून जातात.

महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांमध्ये संगणक एकदम आले नाहीत. ते लाटांनी आले. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प देशातील सुमारे २५० शाळांत सुरू केला, ती शाळांपुरती पहिली लाट. त्यानंतर जिल्हा मुख्यालयी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची यंत्रे आली. पुढे माध्यमिक शाळांत 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' या तत्त्वावर संगणक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कराराची मुदत संपताच ते संगणक शाळेच्या स्वाधीन झाले आणि दुरुस्तीची जबाबदारीही शाळेवरच आली. २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतही संगणक पोहोचले. आणि अगदी अलीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य कंपनीने थांबविले. पुढची प्रणाली पेलू न शकणारी हजारो यंत्रे, चालू स्थितीत असूनही, आता हळूहळू कपाटाकडे सरकू लागतील. म्हणजे हा प्रश्न मिटत आलेला नसून वाढत जाणारा आहे.

हे संगणक वर्षानुवर्षे पडून का राहतात, याचे उत्तर निष्काळजीपणा असे देणे सोपे आहे; परंतु ते पूर्णपणे खरे नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वस्तूची नोंद आहे आणि वस्तू डोळ्यांसमोर आहे, तोपर्यंत लेखापरीक्षणात कोणी काही विचारत नाही. वस्तू गेली की मात्र प्रश्न सुरू होतात. कोणाच्या आदेशाने गेली? किती किमतीस गेली? त्याहून अधिक का आली नाही? मुख्याध्यापकास किंवा ग्रामसेवकास या प्रश्नांचे भय वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव पुढच्या वर्षावर ढकलला जातो, पुढच्या वर्षी त्याची बदली होते, आणि खोलीची किल्ली नव्या माणसाच्या हाती येते. दरम्यान, ज्या यंत्राला तिसऱ्या वर्षी चांगली किंमत आली असती त्याला दहाव्या वर्षी काहीच येत नाही. या भयावर खरा उपाय म्हणजे वस्तूचे वर्णन. कागदावर वस्तूची पुरेपूर ओळख नोंदलेली असेल तर आलेल्या किमतीचे समर्थन तो कागदच करतो.

जुन्या संगणकाला किंमत येते ती तीन कारणांनी. एक तर तो अजून चालतो म्हणून. दुसरे, त्यातील धातू उपयोगी म्हणून. आणि तिसरे, तो दुर्मीळ झाला म्हणून. पहिली किंमत दरवर्षी उतरते. दुसरी जवळजवळ स्थिर असते आणि बाजारातल्या तांब्याच्या व सोन्याच्या भावाप्रमाणे थोडी वरखाली होते. तिसरी मात्र काळाबरोबर चढत जाते. ॲपल कंपनीचा पहिला संगणक १९७६ मध्ये ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जात असे. असे सुमारे २०० संगणकच तयार झाले होते. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला. हे उदाहरण वृत्तपत्रांतून वारंवार येते आणि त्यामुळे एक गैरसमजही पसरतो. तालुक्याच्या शाळेत पडलेला २००९ सालचा संगणक आणखी तीस वर्षे ठेवला तर त्याचे सोने होईल, असे मुळीच नाही. जी वस्तू कोट्यवधींच्या संख्येने निघाली ती केवळ जुनी झाल्याने दुर्मीळ होत नाही. शंभर नगांपैकी बहुतेक सर्व नग पहिल्या दोन कोटींतलेच असणार, हे आधीच मान्य करून पुढे गेलेले बरे.

परंतु उरलेला एखादा नग कोणता, हे ओळखता आले पाहिजे. आणि येथे भारताची परिस्थिती इतर देशांहून थोडी निराळी आहे. आय. बी. एम. ही अमेरिकी कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली. त्या पोकळीत एच. सी. एल., डी. सी. एम., विप्रो यांसारख्या भारतीय कंपन्यांनी आपापले संगणक बनविण्यास आरंभ केला. खुद्द पुण्यात ब्रिटिश आय. सी. एल. कंपनीच्या परंपरेतील आय. सी. आय. एम. या संस्थेचा कारखाना होता. तीच संस्था पुढे झेन्सार या नावाने ओळखली जाऊ लागली. ही यंत्रे विलायती यंत्रांच्या तुलनेने थोडीच निघाली आणि त्यांतील बहुतेक भंगारात गेली. 'क्लास' प्रकल्पात शाळांना दिलेला संगणक ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' होता. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची स्मरणक्षमता अवघी ३२ किलोबाइट होती. आजच्या भ्रमणध्वनीतील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याचीच भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली. बीबीसी मायक्रो इंग्लंडमध्ये आजही सहज मिळतो. 'युनिकॉर्न' मात्र भारतीय शाळांच्या कपाटांखेरीज अन्यत्र सापडण्याची शक्यता फारशी नाही. ज्या शाळेने चाळीस वर्षांपूर्वी या प्रकल्पात भाग घेतला असेल तिने माळ्यावरची खोकी एकदा उघडून पाहणे अगत्याचे आहे.

याहूनही जवळचे उदाहरण मराठीचे आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. 'परम ८०००' हा महासंगणक तिने १९९१ मध्ये सिद्ध केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सामान्य कार्यालयाच्या टेबलापर्यंत जी वस्तू पोहोचली ती 'जिस्ट' नावाची पट्टी होती. हिचे मूळ संशोधन कानपूरच्या आय. आय. टी.त झाले आणि पुढील काम सी-डॅकने केले. ही पट्टी संगणकाच्या खाचेत बसविली की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या डॉस प्रणालीच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागत. विंडोज सर्वत्र येण्यापूर्वीच्या त्या काळात अनेक मराठी अर्ज, याद्या आणि पत्रे या पट्टीच्या आधारे निघाली. आता ही पट्टी बाहेरून दिसत नाही. ती ज्याच्या पोटात आहे तो संगणक दिसायला इतर कोणत्याही पिवळ्या पडलेल्या डब्यासारखाच असतो. झाकण न उघडता त्याचा लिलाव झाला, तर मराठी भाषेच्या यंत्रयुगातील प्रवेशाचा एक पुरावा तांब्याच्या तुकड्यांबरोबर वितळून जातो, आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अशा वस्तूंना कायद्याचे संरक्षणही नाही. १९७२ च्या पुरावस्तुविषयक केंद्रीय अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांच्या बाबतीत ७५ वर्षे. संगणकाचे वय त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा तो ठेवायचा की घालवायचा, हे सर्वस्वी निर्लेखन समितीत बसलेल्या तीन-चार व्यक्तींच्या दृष्टीवर अवलंबून राहते. बुधवार पेठेला लागूनच असलेल्या शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी अशा नित्य वापरातल्या वस्तू जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून हुडकून आणल्या आणि तो सारा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकर ज्या वेळी त्या गोळा करीत होते, त्या वेळी घरच्यांच्या दृष्टीने त्यांतील पुष्कळशा वस्तू मोडीत घालण्याच्याच लायकीच्या होत्या.

आता लिलावाकडे वळू. जुन्या पद्धतीचा हर्रास सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेरीच्या अंगणात पाचदहा माणसे जमत, सरकारी बोली पुकारली जाई, आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणताच व्यवहार पुरा होई. या पद्धतीत वस्तू प्रत्यक्ष हाताळता येई, हा तिचा गुण. दोष असा की जमलेल्या पाचदहा माणसांचे आपसांत आधीच ठरलेले असे. एकाने घ्यायचे, इतरांनी गप्प राहायचे, आणि नंतर चहाच्या दुकानात वाटणी करायची. ई-लिलावाने या संगनमताला बराच आळा घातला. स्थानिक टोळीबाहेरचा, दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला खरेदीदारही बोली लावू शकतो. १९६४ मध्ये स्थापन झालेली एम. एस. टी. सी. ही केंद्र शासनाची कंपनी असे लिलाव चालविते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय बाजारपेठेवरही विक्रीच्या लिलावाची सोय आहे. राखीव किंमत आधी ठरवावी लागते, बोली लावणाऱ्याला अनामत रक्कम भरावी लागते, आणि अखेरच्या क्षणी कोणी बोली वाढविली तर वेळ थोडा वाढवून देण्याची व्यवस्थाही अशा लिलावांत केलेली असते. कोणत्या मर्यादेपर्यंत कोणाची मान्यता लागते हे प्रत्येक विभागाच्या वित्तीय अधिकारांच्या आदेशात दिलेले आहे. ते येथे सांगण्यात अर्थ नाही.

मात्र या सोयीबरोबर एक उणीव आली. खरेदीदार दूर बसलेला आहे. तो वस्तू हाताळू शकत नाही. त्याला दिसते ते फक्त वर्णन आणि छायाचित्र. वर्णन मोघम असेल तर तो जोखीम धरून बोली लावतो, म्हणजे कमी लावतो. लिलावात भाव ठरतो तो पहिल्या जाणकारामुळे नव्हे, तर दुसऱ्यामुळे. एखाद्या नगाची खरी किंमत एकट्यालाच ठाऊक असेल तर तो राखीव किमतीपेक्षा दहा रुपये जास्त देऊन वस्तू घेऊन जातो. दुसरा जाणकार समोर आला की मगच त्याला हात सैल सोडावा लागतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लिलावाचा जो विचार मांडला आणि ज्यांच्या कार्याचा १९९६ च्या नोबेल पुरस्काराने गौरव झाला, त्यात या दुसऱ्या बोलीलाच मध्यवर्ती स्थान आहे. विक्रेत्याने स्वच्छ वर्णन द्यायचे ते दुसऱ्या, तिसऱ्या जाणकाराला बोलावून आणण्यासाठी. पहिला बहुधा आलेलाच असतो, आणि सूचनेत काही लिहिलेले नाही यातच त्याचा लाभ असतो.

वर्णन कसे करावे, यासाठी तज्ज्ञ पाहिजेच असे नाही. संगणकाच्या पाठीमागे किंवा तळाशी एक पाटी असते. तिच्यावर कंपनीचे नाव, नमुन्याचा क्रमांक आणि अनुक्रमांक असतो. पुष्कळदा निर्मितीचे वर्षही असते. त्या पाटीचे अक्षरे वाचता येतील असे छायाचित्र घ्यावे. शाळेतील विज्ञान शिक्षकाने झाकणाचे स्क्रू काढून आतील मुख्य फलकाचे आणि त्यावर उभ्या बसविलेल्या प्रत्येक पट्टीचे छायाचित्र घेतले, तर काम जवळजवळ संपले. कळफलक, माहितीपुस्तिका, फ्लॉपी तबकड्या, मूळ खोके, खरेदीचे बिल, जे जे सोबत असेल ते यादीत लिहावे. जुन्या यंत्राच्या बाबतीत माहितीपुस्तिका आणि खोके यांनाही स्वतंत्र किंमत येते, ही गोष्ट कार्यालयांना सहसा पटत नाही. रद्दी म्हणून तेच आधी निघून जाते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. वर्णनात 'चालू आहे' असे लिहिता यावे म्हणून वीस-तीस वर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडू नये. त्या काळच्या वीजपुरवठ्याच्या भागातील संधारित्रे, म्हणजे कपॅसिटर, वयोमानाने कोरडी पडतात, त्यांना तडे जातात आणि वीज मिळताच ती धूर काढतात. बीबीसी मायक्रो या दोषाबद्दल प्रसिद्धच आहे. 'तपासलेले नाही' हे दोन शब्द प्रामाणिक आहेत आणि जाणकार खरेदीदाराला ते पुरतात. १९९० च्या आसपासच्या अनेक संगणकांच्या मुख्य फलकावर पिंपाच्या आकाराची लहानशी बॅटरी जडविलेली असते. तिच्यातून काळांतराने पाझरणारा क्षार फलकावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की समजावे, ती हीच. अशा संगणकाचा लिलाव आणखी लांबविणे म्हणजे दरमहा त्याची किंमत कमी करणे होय. ओल्या फडक्याने पुसणे, साबण लावणे, रंग देणे, हेही नको. धूळ कोरड्या कुंचल्याने झटकावी आणि थांबावे.

नंतर गट पाडावेत. अजून चालणारे संगणक एका गटात, दुर्मीळ वाटणारा प्रत्येक नग स्वतंत्र, आणि उरलेले भंगार तिसऱ्या गटात. सगळ्यांची एकच मोळी बांधली की भंगार घेणारा जो भाव देतो तोच सर्वांना लागू होतो. चालणाऱ्या संगणकांच्या गटाबाबत आणखी एक पर्याय विकण्यापूर्वी पाहण्यासारखा आहे. हलकी मुक्त प्रणाली बसवून त्यांतील काही वाचनालयात किंवा अंगणवाडीच्या नोंदींसाठी वापरता येतात का, हे एखाद्या दिवसात कळते.

यानंतरचा विषय किमतीचा नाही, आणि म्हणून तो अधिक गंभीर आहे. संगणक जातो तेव्हा त्याच्यातील हार्ड डिस्क जाते, आणि तिच्यासोबत गावातील माणसांची माहिती जाते. लाभार्थ्यांच्या याद्या, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, बँक खाती. फाइल पुसून टाकली किंवा डिस्क 'फॉर्मॅट' केली म्हणजे मजकूर नाहीसा झाला, हा समज चुकीचा आहे. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी पाने जागच्या जागी असतात, तसाच हा प्रकार आहे. साधी प्रणाली वापरून तो मजकूर पुन्हा वाचता येतो. संपूर्ण डिस्कवर दुसरे आकडे एकदा लिहून काढणे, किंवा डिस्क बाहेर काढून छिद्रे पाडून ती नष्ट करणे, हेच मार्ग भरवशाचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्या संस्थांची जबाबदारी स्पष्ट केलेली आहेच. पण कायदा नसता तरीही ज्या गावकऱ्याने विश्वासाने आपला क्रमांक सांगितला त्याच्याशी एवढे इमान राखणे पंचायतीला चुकले नसते.

येथे घाई करून दुसरी चूक होण्याचा संभव असतो. पुसून टाकण्यापूर्वी त्या डिस्कवर काय आहे हे पाहिले पाहिजे. १९९० ते २००५ या काळात तयार झालेली एखादी यादी, एखाद्या योजनेचा हिशेब, शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकाचा मजकूर यांची कागदी प्रत वाळवीने खाल्लेली असू शकते आणि एकमेव प्रत त्या डिस्कवर किंवा फ्लॉपीवर असू शकते. शिवाय त्या काळचे मराठी आजच्या युनिकोडमध्ये नव्हते. जिस्ट, आय. एस. एम., श्रीलिपी अशा निरनिराळ्या व्यवस्थांचे आपापले संकेत होते. ती फाइल आजच्या संगणकावर उघडली तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि 'फाइल खराब झाली' असे समजून ती फेकली जाते. फाइल बहुधा शाबूत असते. तिचा फाँट तेवढा हरवलेला असतो. तो फाँट कदाचित त्याच जुन्या संगणकात असतो. म्हणून आधी फाइली फाँटांसह नव्या साठ्यात उतरवून घ्याव्यात, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, आणि मगच डिस्क नष्ट करावी. शासकीय अभिलेख सक्षम परवानगीशिवाय नष्ट करता येत नाही, आणि संगणकावरचा मजकूर याला अपवाद नाही.

तिसऱ्या गटाविषयी, म्हणजे भंगाराविषयी, थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. पुनर्वापर करणाऱ्या व दुरुस्त करून विकणाऱ्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. ज्या संस्थेने एका वर्षात अशी १,००० वा अधिक उपकरणे वापरली असतील तिच्यावर आपला ई-कचरा नोंदणीकृत उद्योगाकडेच देण्याचे बंधन आहे. लहान शाळा या संख्येत बसत नाही हे खरे. तरी तिने बोलीची अट म्हणून नोंदणी मागावी, असे सुचविणे अनाठायी ठरू नये. जुन्या, फुगीर काचेच्या पडद्यांत मोठ्या प्रमाणात शिसे असते. अनोंदणीकृत माणूस तांबे काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळतो, सोने काढण्यासाठी फलक आम्लात बुडवितो आणि काच ओढ्याकाठी टाकून देतो. ज्या पंचायतीने संगणकाचे दोनशे रुपये जास्त घेतले, तिच्याच विहिरीत ते शिसे उतरू शकते.

शिक्षकांपैकी काहींच्या घरीही १९८० च्या दशकातील खासगी संगणक असतील. सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम'ची डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात काढलेली आवृत्ती दूरचित्रवाणी संचाला जोडून कित्येकांनी पहिला कार्यक्रम लिहिला. अशा वस्तू विकण्यासाठी ई-बेसारख्या संकेतस्थळांचा मार्ग असतो. त्याची भारतीय गादी मुंबईच्या बाझीच्या खरेदीतून २००४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडली. तरी परदेशातील संग्राहकांपर्यंत पोहोचणे शक्य आहे. वर्णनाचे सारे नियम येथेही तेच. फक्त बॅटरी आत ठेवून वस्तू हवाई टपालाने पाठवू नये, आणि देशातल्या देशात विकताना 'पैसे घेण्यासाठी हा क्यूआर संकेत स्कॅन करा' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

लिलाव पुरा झाल्यावर खरेदीदाराची गाडी दाराशी येते त्या दिवशीचे काम लहान असले तरी तेच बहुधा अर्धवट राहते. यादीतील प्रत्येक नगाचा अनुक्रमांक गाडीत चढताना पडताळून पाहावा आणि दोन्ही बाजूंची सही घ्यावी. हार्ड डिस्क काढून घेतली असल्यास तसे यादीत लिहावे. नपेक्षा खरेदीदार नंतर तक्रार करतो आणि त्याची तक्रार रास्त असते. भंगार घेणाऱ्या उद्योगाकडून पुनर्वापराचे प्रमाणपत्र मागवून धारिकेत लावावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मूळ नोंदीसमोरच ठरावाचा क्रमांक, दिनांक, आलेली रक्कम आणि पावती क्रमांक लिहून ती नोंद बंद करावी. एखादा नग विकण्याऐवजी शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा किंवा संग्रहालयाला द्यायचा ठरला असेल, तर त्याचा ठराव लिलाव-सूचना निघण्यापूर्वीच व्हावा. सूचनेच्या यादीत एकदा नाव आले की तो मागे घेणे अवघड होऊन बसते.